पान ठेवायचं की काढायचं: उल्लेखनीयतेच्या मदतपानाच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम सुरू केलं. नेमकं काय करायचंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटले तरी परत इथे येता येईल. मराठी विकिपीडियावर नवीन सदस्य येतात, उत्साहाने एक पान लिहितात, चार दिवसांत त्यावर पान काढण्याचा साचा (पानाच्या वर लावायची तयार सूचना) लागतो आणि ते सदस्य परत कधी दिसत नाहीत. दुसरीकडे प्रचालक (पानं काढायचे अधिकार असलेले सदस्य) आणि नव्या पानांवर गस्त घालणारे सदस्य तेच तेच उत्तर टाइप करून थकलेत. तर आम्ही काही जणांनी ठरवलं की धूळपाट्यांवर (सदस्यांच्या सरावाच्या पानांवर) पडून असलेले मसुदे आणि साचा लागलेली पानं एकेक करून वाचायची, प्रत्येकाचं काय करायचं ते कारणासकट चर्चा पानावर लिहायचं, आणि त्यातून एक मदतपान तयार करायचं जे माणसाला लिहायला बसायच्या आधी वाचता येईल.

आमच्यापुरता पहिला नियम असा की चर्चेत "हा विषय महत्त्वाचा आहे" किंवा "महत्त्वाचा नाही" असं कुणीच लिहायचं नाही. महत्त्व मोजायला बसलं की प्रत्येकाचं माप वेगळं निघतं, आणि मग ज्याला जास्त वेळ भांडता येतं त्याचं खरं होतं. विकिपीडियाची कसोटी वेगळी आहे, तिलाच उल्लेखनीयता म्हणतात: ज्यांचा विषयाशी हितसंबंध नाही अशा विश्वासार्ह स्रोतांनी त्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? एवढंच. जगाने दखल घेतलीये का हे बघायचं. घ्यायला हवी होती का हा प्रश्न मनात येतोच, माझ्याही येतो, पण त्याचं उत्तर पानावर देता येत नाही.

९ जानेवारी

आज कसोटीचे तीन तुकडे करून मसुद्यांवर लावून बघितले.

"सविस्तर" म्हणजे काय यावरच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. पुरस्कारांच्या यादीत नाव, कार्यक्रमाच्या बातमीत "यावेळी उपस्थित होते" मध्ये नाव, पुस्तकाच्या ऋणनिर्देशात नाव, असे बारा-पंधरा संदर्भ लावलेले मसुदे दिसतात आणि लिहिणाऱ्याला वाटतं की एवढे संदर्भ देऊनही नाकारतात म्हणजे काय! पण त्या सगळ्यांतून मिळून एक परिच्छेदसुद्धा उभा राहत नाही. मी एक चाचणी सुचवली आणि ती मदतपानात पहिल्याच भागात घेतोय: फक्त हे स्रोत समोर ठेवायचे, स्वतःला माहीत असलेलं काहीही घालायचं नाही, आणि दोन परिच्छेद लिहून बघायचे. लिहिता आले तर पुढे जा, नाही आले तर अजून स्रोत शोधा.

"स्वतंत्र" मध्ये संस्थेची स्मरणिका, स्वतःची वेबसाइट, प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेलं कौतुक हे सगळं बाद. मुलाखतीवर बराच वेळ गेला. मुलाखतीत माणूस स्वतःबद्दल बोलतो, म्हणजे तो भाग स्वतंत्र धरता येत नाही, पण मुलाखतकाराने आधी अभ्यास करून दीड पानाचं प्रास्ताविक लिहिलं असेल तर तेवढं धरायला हरकत नाही. "विश्वासार्ह" बद्दल फार वाद झाला नाही, छापण्याआधी कुणीतरी संपादक बघतो का आणि चूक झाली तर दुरुस्ती छापतात का, हे दोन प्रश्न विचारले की बऱ्यापैकी कळतं.

किती स्रोत हवेत? ठरलेला आकडा नाहीये. एकापेक्षा जास्त हवेत एवढं नक्की, आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा ठिकाणी छापून आली तर ती एकच धरायची.

१२ जानेवारी

सोपं काम उरकलं. उघड जाहिराती, दुसरीकडून जशाच्या तशा उचललेला प्रताधिकारित मजकूर, "हा माझा मित्र आहे आणि तो खूप चांगला आहे" अशी एका ओळीची पानं. यांना उल्लेखनीयतेच्या चर्चेत आणायचंच नाही, जलद वगळण्याचे, म्हणजे चर्चा न करता थेट काढायचे, नियम त्यासाठीच आहेत. प्रचालकांना यादी दिली.

१५ जानेवारी

कंपन्या. दिवसभर कंपन्या.

मसुदे सगळे एका साच्यातून काढल्यासारखे: स्थापना, संस्थापकांचं शिक्षण, किती निधी उभारला, कुठल्या नव्या शहरात ऑफिस उघडलं, शेवटी पुरस्कार. संदर्भ उघडले की पाच वेगवेगळ्या साइटवर तोच परिच्छेद, स्वल्पविरामही तिथल्या तिथे, म्हणजे प्रसिद्धीपत्रक आलं आणि सगळ्यांनी चिकटवलं. इंग्रजी विकिपीडियाने २०१८ मध्ये संस्था-कंपन्यांचे निकष याच कारणाने कडक केले. निधी मिळाला, नवी शाखा उघडली, अमुक अधिकारी नेमला अशा नेहमीच्या बातम्या तिथे सखोल दखल म्हणून धरत नाहीत, कंपनीबद्दल कुणीतरी बाहेरून बघून, तपासून, स्वतःचं मत बनवून लिहिलेलं लागतं. आपण हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गटात याला विरोध झाला नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. पैसे घेऊन पान लिहिणाऱ्याने ते जाहीर करायचं असा विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापराच्या अटींत २०१४ पासून नियम आहे, आणि तो मदतपानात ठळक हवा. लपवून लिहिणारा माणूस बाकीच्या सगळ्या स्वयंसेवकांचा वेळ खातो, जो वेळ एखाद्या नदीच्या किंवा विसरल्या गेलेल्या शास्त्रज्ञाच्या पानाला मिळाला असता.

१९ जानेवारी

"पण जागा कुठे कमी पडतेय?" हा प्रश्न आज गटातल्याच एका सदस्याने विचारला आणि तो टाळण्यासारखा नाहीच. छापील कोशांना पानांची मर्यादा असायची, कुठली नोंद घ्यायची आणि कुठली गाळायची हे कागद आणि खर्च ठरवायचा. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांत बसवला तेव्हा त्यांना ही निवड करावीच लागली. इथे कागद नाही, मग सगळंच का घेऊ नये?

विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला तेव्हापासून यावर दोन तट आहेत, सगळं सामावून घ्या म्हणणारे आणि निवडून घ्या म्हणणारे. एक काळ असा होता की इंग्रजीत जवळपास प्रत्येक पोकेमॉनचं स्वतंत्र पान होतं आणि कुठल्याही वगळण्याच्या चर्चेत कुणीतरी म्हणायचंच की पोकेमॉनचं पान चालतं तर याचं का नाही. पुढे त्यातली बरीचशी पानं एकत्रित याद्यांमध्ये विलीन झाली, पिकाचूसारखी काही स्वतंत्र राहिली, कारण पिकाचूबद्दल खेळाच्या बाहेरच्या लोकांनीही भरपूर लिहिलंय. खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००७ मध्ये केपटाउनजवळच्या म्झोलीज नावाच्या खाणावळीवर एका ओळीचं पान केलं तेही लगेच काढलं गेलं, मोठा वाद झाला, आणि शेवटी ते राहिलं. पान संस्थापकाने केलं म्हणून राहिलं असं म्हणणारे भेटतात, पण वादाच्या काळात लोकांनी वर्तमानपत्रांतले आणि प्रवासविषयक लेखनातले संदर्भ शोधून आणले, पान त्यावर उभं आहे.

माझं उत्तर असं आहे: जागा अमर्याद आहे पण राखण करणारी माणसं मोजकी आहेत. जॉन सीगेनथॅलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकारांच्या पानावर २००५ मध्ये कुणीतरी लिहून ठेवलं की केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. धादांत खोटं, आणि ते सुमारे चार महिने तसंच राहिलं कारण त्या पानाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्या प्रकरणानंतर इंग्रजीत नोंदणी न करता नवीन पान तयार करणं बंद झालं. सीगेनथॅलर तर नामांकित होते, त्यांना तक्रार करता आली, वर्तमानपत्रात लेख लिहिता आला. ज्याच्याबद्दल एकही स्वतंत्र स्रोत नाही अशा माणसाच्या पानात कुणी खोटं घातलं तर आपण ते कशाशी ताडून बघणार? म्हणून मला ही कसोटी दारावरचा पहारा वाटत नाही. वाचणाऱ्याला खरं-खोटं तपासता यावं आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्यावर अन्याय होऊ नये यासाठी लागणारी ती किमान तयारी आहे.

सदस्याचं पूर्ण समाधान झालं नाही. ते म्हणाले की छोट्या भाषांच्या विकिपीडियांनी तरी हात सैल सोडावा, पानं वाढली तर माणसं येतील. हा मुद्दा उघडा ठेवलाय.

२४ जानेवारी

डोना स्ट्रिकलंड यांचं प्रकरण मदतपानात घालायचं की नाही यावर चर्चा. मी घालायचं म्हणते, आणि नीट, तपशिलासकट.

मे २०१८ मध्ये त्यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर तपासणीला आला आणि नाकारला गेला, कारण दिलेल्या संदर्भांतून उल्लेखनीयता दिसत नाही. २ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, पान त्याच दिवशी तयार झालं. भौतिकशास्त्रात नोबेल मिळवणाऱ्या त्या फक्त तिसऱ्या स्त्री, आधी १९०३ मध्ये मेरी क्युरी आणि १९६३ मध्ये मारिया गोपर्ट मायर. आणि ज्या कामासाठी नोबेल मिळालं, लेझरचे अत्यंत छोटे आणि तीव्र स्पंद तयार करायची पद्धत, तो शोधनिबंध १९८५ चा आहे!

लोक ही गोष्ट सांगताना "विकिपीडियाचा नियमच चुकीचा" इथे थांबतात. पण प्राध्यापक-संशोधकांसाठी इंग्रजीत वेगळे निकष आहेत, त्यात नामवंत विद्वत्संस्थेची निवडून दिलेली फेलोशिप किंवा अशा संस्थेचं सर्वोच्च पद पुरेसं ठरतं, आणि स्ट्रिकलंड ऑप्टिकल सोसायटीच्या फेलो होत्या, २०१३ मध्ये अध्यक्षही होत्या. म्हणजे नियमाप्रमाणे त्या नोबेलच्या कितीतरी आधी बसत होत्या. मसुद्यात काय लावलंय तेवढंच बघून निर्णय झाला. आणि नियमातच लिहिलंय की उल्लेखनीयता स्रोतांच्या असण्यावर ठरते, पानात ते आत्ता लावलेत की नाही यावर नाही. तपासणाऱ्याने स्वतः शोधायचं असतं. एका मसुद्याला दहा मिनिटं शोध, इतकी साधी सवय.

क्लॅरिस फेल्प्स यांचंही उदाहरण घेतलं. ११७ क्रमांकाच्या मूलद्रव्याच्या शोधासाठी लागणारं बर्केलियम शुद्ध करणाऱ्या पथकात त्या होत्या. त्यांचं पान २०१९ मध्ये काढलं, भरपूर वाद झाला, २०२० मध्ये ते परत आलं. मधल्या काळात त्यांच्यावर आणखी लिहिलं गेलं होतं. काढलेलं पान कायमचं गेलं असं नसतं, नवे स्रोत आले की परत करता येतं, हे नवीन सदस्यांना कुणी सांगतच नाही.

आणि तरीही, नियम नीट पाळला तरी एक गोष्ट उरतेच. इंग्रजी विकिपीडियावर २०१४ च्या सुमाराला चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रं १५ टक्क्यांच्या आसपास होती. २०१५ मध्ये विमेन इन रेड हा प्रकल्प सुरू झाला, लाल दुव्यांमधल्या (पान नसलेल्या नावांचे दुवे लाल दिसतात) स्त्रियांची पानं करायची असं त्यांचं काम, आणि आता प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आलंय. बाकीची दरी विकिपीडियाने निर्माण केलेली नाही, वर्तमानपत्रांनी, कोशांनी आणि संस्थांनी शंभर वर्षं ज्यांच्याबद्दल लिहिलं नाही त्यांचं हे ओझं आहे आणि आपली कसोटी ते जसंच्या तसं पुढे नेते. मला हे अस्वस्थ करतं. नियम मोडून ते भरून निघणार नाही, पण शोधताना दुप्पट मेहनत कुठे घ्यायची हे मात्र यातून कळतं.

२८ जानेवारी

वगळण्याच्या जुन्या चर्चा वाचल्या. चार प्रकारचे युक्तिवाद सतत येतात आणि चारही निरुपयोगी. "मला हा विषय आवडतो." "मी याचं नाव कधी ऐकलं नाही." "गूगलवर इतके निकाल येतात." "तमक्याचं पान आहे मग याचं का नाही." शेवटचा तर सगळ्यात जास्त वेळ घेतो, कारण कधीकधी ते तमक्याचं पानही काढायच्या लायकीचं असतं आणि मग तिकडे नवीन भांडण.

इंग्रजीत अशी चर्चा साधारण सात दिवस चालते आणि शेवटी निर्णय देणारा हात मोजत नाही, युक्तिवाद तोलतो. वीस जणांनी "ठेवा" म्हटलं आणि एकानेही स्रोत दिला नाही, तर एका नीट मांडलेल्या "काढा" चं वजन जास्त. मदतपानात हे लिहिलं, कारण इथे लोक ओळखीच्यांना बोलावून आणतात, ते दिसतंच.

२ फेब्रुवारी

गटातल्या एकाचं म्हणणं की सरळ आकडे ठरवा, म्हणजे वादच नको. जर्मन विकिपीडियात तसं आहे, तिथे कंपनीला १००० कर्मचारी किंवा १० कोटी युरोंची उलाढाल असे ठोस निकष आहेत. याचा फायदा मला दिसतो, नवीन माणसाला पाच मिनिटांत उत्तर मिळतं, तपासणाऱ्याच्या मर्जीवर काही राहत नाही.

पण आकड्यांचं काय होतं ते खेळाडूंच्या पानांवर दिसलं. इंग्रजीत बरीच वर्षं असं चालायचं की वरच्या पातळीवर एक सामना खेळला की खेळाडू उल्लेखनीय धरायचा. परिणाम असा झाला की सांख्यिकीच्या साइटवरून नाव, जन्मतारीख आणि एक सामना एवढं उचलून हजारो पानं तयार झाली, ज्यात माणूस कुठेच नाही. २०२२ मध्ये मोठी चर्चा होऊन नुसत्या सहभागावर आधारलेले निकष काढून टाकले, आता निदान एक तरी सविस्तर स्रोत पानात दाखवावा लागतो. ऑलिंपिकचंही त्याच्या आदल्याच वर्षी बदललं, नुसता सहभाग पुरेसा नाही, पदक असेल तर गृहीत धरतात.

ठरलं असं: आकडा हा अंदाज बांधायला वापरायचा, पुरावा म्हणून नाही. राष्ट्रीय विधिमंडळाचा सदस्य म्हटलं की स्रोत असणारच हा अंदाज बरोबर असतो, पण शेवटी तो स्रोत कुणीतरी आणून दाखवायचा.

७ फेब्रुवारी

गावं. कायद्याने मान्यता असलेल्या वस्तीचं पान सहसा ठेवतात, लोकसंख्या कितीही असो. अधिकृतपणे नाव प्रसिद्ध झालेल्या प्राणी-वनस्पतींच्या प्रजातींचंही तसंच. मला हे पटतं. जिथे माणसं राहिली तिथे नोंदी असतात, शोधायच्या बाकी असतील इतकंच.

घोळ होतो तो यंत्राने पानं तयार करण्यात. २००२ मध्ये रॅमबॉट नावाच्या सांगकाम्याने (आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमने) अमेरिकी जनगणनेच्या आकड्यांवरून तीस हजारांच्या वर गावांची पानं तयार केली, तेव्हा इंग्रजी विकिपीडिया एका झटक्यात फुगला. नंतर स्वेर्कर योहान्सन यांच्या एलएसजेबॉटने स्वीडिश, सेबुआनो आणि वारै भाषांत लाखो पानं बनवली, आज सेबुआनो विकिपीडिया पानांच्या संख्येत जगात अगदी वरच्या ओळीत आहे आणि त्यातली बहुतेक पानं माणसाने लिहिलेली नाहीत. १९ जानेवारीच्या मुद्द्याला हे माझं उत्तर, पानं वाढली म्हणून माणसं आपोआप येत नाहीत. आपण असलेली गावांची पानं काढायची नाहीत, पण आकड्यांवरून थोकात नवीन करायचीही नाहीत असं ठरवलं.

१३ फेब्रुवारी

गेले काही दिवस एकाच मसुद्यावर आहे आणि मला त्याबद्दल जरा लांब लिहायचंय.

एका लोकवाद्याबद्दलचा मसुदा. लिहिणारी सदस्य स्वतः ते वाजवणाऱ्यांच्या घरातली, वाद्याची बांधणी, कुठलं लाकूड, कातडं कसं कमवतात, कुठल्या प्रसंगी वाजवतात आणि कुठल्या प्रसंगी वाजवायचं नाही, सगळं इतकं नेमकं लिहिलंय की वाचताना हात थांबतो. संदर्भ एकही नाही. साचा लागलेला. "संदर्भहीन, मूळ संशोधन."

नियमाप्रमाणे साचा बरोबर आहे. आपण दुय्यम स्रोतांवरून लिहितो, स्वतःच्या अनुभवातून नाही, आणि ही मर्यादा काढून टाकली तर उद्या कुणीही काहीही "आमच्या घरात असंच सांगतात" म्हणून लिहील. पण ज्या समाजाचं ज्ञान तोंडातोंडी चालत आलं त्यांना "आधी छापून आणा मग या" असं सांगणं म्हणजे काय ते मला कळतं, कारण छापणाऱ्यांनी त्यांना कधी विचारलेलंच नसतं. २०११ मध्ये अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या मदतीने भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा प्रयोग केला होता, लोकांशी बोलून ते ध्वनिमुद्रित करायचं आणि लेखात संदर्भ म्हणून तेच द्यायचं, मल्याळम, हिंदी आणि सेपेडी भाषांत. प्रयोग गाजला, पण इंग्रजीसारख्या मोठ्या विकिपीडियावर तो मार्ग रुळला नाही, कारण ध्वनिमुद्रण करणारा आणि पान लिहिणारा एकच असेल तर मध्ये तपासणारं कुणी उरत नाही. हा आक्षेप मला चुकीचा म्हणता येत नाही.

तर मी शोधायला बसले. ऑनलाइन शून्य. पण स्रोत ऑनलाइन असलाच पाहिजे असा नियम नाही, मराठीतच असला पाहिजे असाही नाही, हे दोन्ही मदतपानात मोठ्या अक्षरात जाणार. विद्यापीठांच्या प्रबंधांच्या सूच्या, जुन्या मासिकांचे विशेषांक, जिल्हा गॅझेटिअर, संगीत-लोककलांवरचे परिसंवादग्रंथ, संग्रहालयांचे कॅटलॉग. वाद्याच्या नावाची स्पेलिंगं चार-पाच प्रकारे करून बघितली, कारण जुन्या इंग्रजी नोंदींत ती कशीही असतात. ग्रंथालयात काम करणाऱ्या एका सदस्यांनी कार्ड काढून दिली.

१६ फेब्रुवारी

सापडलं. एका प्रबंधात पूर्ण प्रकरण, एका मासिकाच्या विशेषांकात लेख आणि एका संग्रहालयाच्या कॅटलॉगमध्ये वाद्याचं वर्णन मोजमापासकट. उल्लेखनीयतेचा प्रश्न मिटला. आता ही कसोटी पानाच्या असण्यापुरती आहे, पानातल्या प्रत्येक वाक्यासाठी नाही, पण प्रत्येक वाक्य पडताळता येण्यासारखं हवंच, म्हणून कुठल्या प्रसंगी वाजवायचं नाही हा भाग सध्या चर्चा पानावर हलवला, त्याला स्रोत मिळाला नाही. त्या सदस्येला सगळं समजावून लिहिलं, प्रबंधाची पानं पाठवली. तिने आता स्वतः पुनर्लेखन सुरू केलंय आणि प्रबंधातली एक गफलत तिच्या लक्षात आलीये, त्यासाठी दुसरा स्रोत शोधतेय. घरातल्या माणसाची नजर अशी कामाला येते!

१८ फेब्रुवारी

छोटी पण गंभीर नोंद. काही मसुद्यांतले संदर्भ अस्तित्वातच नाहीत. पुस्तकाचं नाव पटण्यासारखं, लेखकही खरा, पान क्रमांकही दिलेला, पण त्या लेखकाने ते पुस्तक लिहिलेलंच नाही. एआयकडून लिहून घेतलेला मजकूर. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये माणसाने न तपासता टाकलेल्या अशा पानांसाठी जलद वगळण्याचा वेगळा निकष केला. आपल्या तपासणीत "संदर्भ मोजा" च्या जागी "संदर्भ उघडा" असं लिहिलं.

२१ फेब्रुवारी

बातमीतली माणसं. एकाच घटनेमुळे नाव सगळीकडे झालेलं, स्रोत ढीगभर, स्वतंत्र, विश्वासार्ह, सविस्तर. तिन्ही तुकडे जुळतात आणि तरी माझं मत पान करू नये असं आहे.

पान असणं ही शाबासकी आहे असं लोक धरतात. एखाद्या अपघातात सापडलेल्या, व्हायरल झालेल्या, किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाला मात्र आपलं नाव शोधलं की आयुष्यभर पहिलं तेच दिसणार. विकिपीडियाचं धोरण इथे योग्य आहे: माणूस एकाच घटनेमुळे ओळखला जात असेल आणि एरवी खासगी आयुष्य जगत असेल तर घटनेचं पान करा, माणसाचं नको, आणि घटनाही टिकणारी आहे का ते आधी बघा, कारण विकिपीडिया वर्तमानपत्र नाही. नाव पुनर्निर्देशनातही (त्या नावावरून दुसऱ्या पानाकडे आपोआप नेणाऱ्या दुव्यातही) ठेवायचं का हे प्रत्येक वेळी विचार करून ठरवायचं. अशी पानं आम्ही पुढे रेटली नाहीत, त्यातलं एक पान तर लिहिणाऱ्यालाच विनंती करून रिकामं करून घेतलं.

२६ फेब्रुवारी

पान नाही म्हणजे माहिती फेकून दिली असं नाही, हे सांगायचा भाग आज लिहिला. संघटनेच्या शाखेची माहिती संघटनेच्या पानात विभाग म्हणून जाऊ शकते. बँडमधल्या वादकाचं नाव बँडच्या पानाकडे वळवता येतं. मालिकेतल्या पात्रांची यादी करता येते. प्रसिद्ध माणसाच्या मुलाचं स्वतंत्र पान लागत नाही, नात्याने उल्लेखनीयता येत नाही, पण पालकाच्या पानात एक ओळ असू शकते. आणि विकिडेटा, विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा, २०१२ पासून चालू आहे, तिथला निकष बराच सैल आहे: गोष्ट नेमकी ओळखता येते आणि तिचं वर्णन गंभीर, जाहीर स्रोतांवरून करता येतं, इतकं झालं तरी नोंद होऊ शकते.

पुनर्निर्देशन केलं की जुना मजकूर इतिहासात शिल्लक राहतो, उद्या स्रोत मिळाले तर तिथूनच पान परत उभं करता येतं. वगळण्यापेक्षा मला हा मार्ग नेहमी बरा वाटतो.

३ मार्च

दिवंगत शिक्षक वडिलांवर मुलाने लिहिलेलं पान. चाळीस वर्षं शिकवलं, कितीतरी मुलांची फी स्वतः भरली. स्रोत म्हणजे शाळेची स्मरणिका आणि श्रद्धांजलीची छोटी बातमी. मी दहापेक्षा जास्त मिनिटं शोधलं, बराच वेळ शोधलं. नाही.

याचं उत्तर साच्याने द्यायचं नाही असं ठरवलं. साच्यातला जुना मजकूर वाचला की घरच्यांना वाटणार की आपल्या माणसाच्या आयुष्यावर निकाल दिला. मी लिहिलं की दादा, हे पान आत्ता ठेवता येत नाही, कारण विकिपीडिया इतरांनी आधी छापलेल्या लेखनावर चालतो आणि सरांबद्दल तसं लेखन अजून मिळालं नाही, विद्यार्थ्यांनी किंवा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या कुणी त्यांच्यावर लेख केला, कुठल्या नियतकालिकात छापून आला, तर आम्हाला कळवा. तुमच्याकडच्या जुन्या वर्गांच्या फोटोंचे हक्क तुमचे असतील तर ते कॉमन्सवर (विकिमीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहात) देता येतील, त्या काळातल्या शाळा कशा होत्या हे दाखवणारी चित्रं फार कमी आहेत. मजकूर त्यांना ईमेलने परत पाठवला. त्यांचं उत्तर आलं, फोटो देणार म्हणाले.

साच्याचा मजकूर बदलायचा प्रस्ताव त्याच दिवशी चावडीवर (विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) टाकला. काय कमी पडतंय, कुठे शोधायचं, मजकुराचं काय होईल आणि कुणाला विचारायचं, चार वाक्यांत.

९ मार्च

मदतपान चावडीवर ठेवलं. प्रतिक्रिया बऱ्याच आल्या, बहुतेक कामाच्या. दहा मिनिटांच्या शोधाला एका प्रचालकांचा आक्षेप आहे, गस्तीवर असताना एवढा वेळ कुणाकडेच नसतो म्हणतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. त्यामुळे असं केलं की उघड जाहिरातींना शोध लागू नाही, बाकी कुठल्याही पानाला साचा लावताना कुठे शोधलं ते एका ओळीत लिहायचं. ते याला तयार झाले. छोट्या भाषांनी हात सैल सोडावा का, हा मुद्दा मतभेद म्हणून तसाच नोंदवला, दोन्ही बाजू मांडून.

यूट्यूबरांचा प्रश्न राहिलाय. सबस्क्रायबर लाखांत, स्वतंत्र लेखन जवळपास नाही, आणि पानं रोज येतायत. सबस्क्रायबरांची संख्या पुरावा धरायची नाही हे माझ्या मते २ फेब्रुवारीच्या आकड्यांच्या निर्णयातच आलं, पण काही जणांना वेगळा निकष हवाय. त्यांनी मसुदा आणायचाय, मग बसू. तोवर ती पानं धूळपाटीवर हलवतोय, काढत नाही.